खालच्या आळीवरचा वारा

नाशिक रोड,
२ जून १९७९

चि. जयराम यास,
जयभीम.

तू वादळातून सुखरूप आहेस हे तुझ्या आईकडून कळलं. ते तू मला स्वतः कळवायला हवं होतंस, पण तो विषय आज नाही. आज माझा राग दुसऱ्यांवर आहे, तेव्हा निवांत वाच.

सत्त्याहत्तरच्या वादळानंतर आमच्या मदत समितीनं तुमच्या पूर्व किनाऱ्यावर कोत्तापालेमला कोळ्यांसाठी चाळीस घरं बांधून दिली. पाया घातला तेव्हा दुभाष्या म्हणून तूच उभा होतास. बांधणारा आपल्या कॉलनीतला सावळीराम गवंडी. वरच्या आळीत अठ्ठावीस घरं, खालच्या आळीत बारा. गेल्या महिन्याच्या वादळात वरच्या आळीचं एकही घर पडलं नाही आणि खालच्या आळीची बाराच्या बारा पडली. एक म्हातारी आणि तिची सून त्यात गेल्या.

परवा समितीची बैठक झाली. अध्यक्ष खंडेराव, देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. कांदा हातात घेतला की आतून सडका आहे का ते ते सांगतात, आणि माणसांचंही आपल्याला तसंच कळतं अशी त्यांची समजूत आहे. म्हणाले, "गवंडी एक, गाव एक, वारा एक. मग काही घरं उभी अन् काही आडवी कशी? खालची आळी शेवटी बांधली. तेव्हा सिमेंट मिळत नव्हतं. यानं वाळू मारली."

मी विचारलं, "तुम्ही पाहून आलात?"

"बाई, त्यात पाहायचं काय?"

तिथल्या पंधरा जणांपैकी चौघांना मी सातवीला गणित शिकवलंय. रीत न दाखवता उत्तर लिहिलं की शून्य, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. चौघांनीही माना डोलावल्या. सावळीरामाच्या जागी कुणा बड्या ठेकेदाराचा मुलगा असता तर आधी चौकशी झाली असती आणि मग आरोप. आपल्या वस्तीतल्या माणसापाशी आलं की हा क्रम उलटतो. बावीस जुलैच्या बैठकीत त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायचं ठरणार आहे. माणसं मेली आहेत, म्हणजे प्रकरण तुरुंगापर्यंत जाईल.

तू वादळाच्या रडारवर काम करतोस. मला एवढंच सांग, खंडेरावांचा "वारा एक" खरा आहे का? चाळीस घरांवर वारा सारखाच आला होता का?

तुझी,
सुलामावशी

•

रडार केंद्र,
१४ जून १९७९

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

पत्र लिहिलं नाही ही चूकच झाली. तीन दिवस आम्ही केंद्रातच होतो, आणि नंतर दहा दिवस साहेबांबरोबर जीपमधून पडझड मोजत हिंडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. वादळाचा वारा सगळीकडे सारखा नसतो. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तू पुढं मला पकडशील. रडारला वारा दिसत नाही. त्याला पाऊस दिसतो. ते टॉर्चसारखा एक झोत फिरवतं. आमचा झोत दोन अंशांचा. तो पावसावर आपटून परत येतो आणि काचेवर पांढरा ठिपका उमटतो. दर पंधरा मिनिटांनी आम्ही त्या काचेचा फोटो काढतो. वादळाच्या मधोमध काळं वर्तुळ दिसतं, तो डोळा. तिथं पाऊस नसतो. भोवती पांढरं कडं असतं, पण तेही सलग नसतं, कुठं फिकट तर कुठं लखलखीत. जिथं लखलखीत तिथं पाऊस इतका जोरात कोसळतो की वरचा वेगवान वाराही त्याच्याबरोबर खाली खेचला जातो आणि जमिनीवर आदळतो. तो तुकडा सरकत जातो, त्याच्या खालचा पट्टा झोडपला जातो आणि शेजारचं गाव वाचतं.

आम्ही तेच जुळवून पाहतोय. फोटोतला लखलखीत भाग कुठून गेला ते नकाशावर मांडायचं, आणि तिथं जाऊन काय पडलं ते पाहायचं. कोत्तापालेमच्या दोन्ही बाजूंना चार-चार किलोमीटरवर गावं आहेत. उत्तरेकडच्या गावात झोपड्यासुद्धा उभ्या आहेत. दक्षिणेकडं थोडंफार गेलंय. मधलं कोत्तापालेम पट्ट्यात सापडलं. जुनं गाव तर सपाट झालंय. तिथली माडाची झाडं, तुमच्या दोन्ही आळ्यांपुढची, ओळीनं निजवल्यासारखी एकाच दिशेला, शेंडे नैर्ऋत्येकडं करून पडली आहेत. आम्ही होकायंत्र लावून एकेक मोजलं.

सावळीरामदादा इथं येऊन गेला. स्वतःच्या खर्चानं, रेल्वेच्या दुसऱ्या वर्गानं. पडलेल्या घरांपुढं तो दिवसभर बसून होता.

तुझा,
जयराम

•

नाशिक रोड,
२३ जून १९७९

चि. जयराम,

पत्र मिळालं. शाळेत असताना तू असं नीट समजावून लिहिलं असतंस तर तुझ्या आईचा जीव टांगणीला लागला नसता.

पण तू गावांबद्दल लिहिलंस. मला आळ्यांबद्दल हवं. हे गाव पडलं आणि ते वाचलं, हे मी बैठकीत सांगितलं तर खंडेराव म्हणतील, "बाई, आपली घरं एकाच गावात आहेत." आणि ते त्यांचं बरोबरच असेल, याचा मला जास्त त्रास होतो.

इकडं हाल सुरू झाले आहेत. सावळीराम एकलहऱ्याला वीज केंद्रात एका ठेकेदाराकडं कामाला होता. ठेकेदारानं त्याला सांगितलं, "तुझं ते प्रकरण मिटू दे, मग ये." त्याची बायको नवसाबाई नळावर गेली की बाया बोलायचं थांबवतात. काल ती माझ्याकडं येऊन म्हणाली, "बाई, हे घरातल्या भिंतीवर हात फिरवत बसत्यात. जेवत न्हाईत." सावळीरामाला बोलावून विचारलं, तर म्हणतो, "माझ्या हातून झालं आसंल, बाई." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचे रेडिओ बंद करून ऐकायला लागले. न केलेल्या गोष्टीचं ओझं उचलणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्यामुळं केलेले मोकळे सुटतात.

अजून एक. माझ्या ओसऱ्यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी भांडून खालच्या आळीला ओसऱ्या लावून घेतल्या. वरच्या आळीचं काम तोवर झालं होतं, नाहीतर तिलाही लावल्या असत्या. आजी तुला आठवणार नाही. आजोबा नन्सच्या शाळेत माळी होते म्हणून मला तिथं फुकट शिकायला मिळालं. त्या शाळेला लांबलचक ओसरी होती. आई मला न्यायला यायची ती वीस पावलं दूर, उन्हात उभी राहायची. ओसरीवर बसायचं तिला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची तिची छाती झाली नाही. आमच्या खोलीलाही ओसरी नव्हती; जन्मभर ती गटाराच्या कडेला बसून धान्य निवडायची. म्हणून मी म्हटलं, या बायांना त्यांच्या दारात सावलीत बसता आलं पाहिजे. त्या बसत होत्या ना? ते कळव.

आणि आळ्यांचं उत्तर बैठकीच्या आधी पाठव.

सुलामावशी

•

रडार केंद्र,
८ जुलै १९७९

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

उशीर झाला. सोबत दुपारी सव्वादोनचा फोटो जोडला आहे. त्यावर लाल टिंब केलंय ते कोत्तापालेम. त्याला लागून लखलखीत तुकडा दिसतो. तो खालच्या आळीवरून गेला. वरची आळी त्याच्या जरा बाहेर राहिली. म्हणजे दोन आळ्यांवर वारा वेगवेगळा आला. यात बांधणाऱ्याचा दोष नाही.

बैठकीत एवढं वाचलंस तरी पुरेल असं वाटतं.

ओसऱ्यांवर बाया बसायच्या. जाळी विणायच्या, मासे निवडायच्या. तुझं नाव त्यांना माहीत नाही, पण नाशिकची टीचर म्हणतात.

तुझा,
जयराम

•

नाशिक रोड,
२३ जुलै १९७९

चि. जयराम,

जिंकलो. काल तुझं पत्र मी उभं राहून वाचलं आणि फोटो हातोहात फिरवला. काळ्या काचेवरचं ते पांढरं कडं पाहून सगळे खुर्च्या पुढं ओढून वाकले, जणू वादळ खोलीतच आलं होतं. खंडेरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "सरकारी यंत्रच सांगतंय म्हटल्यावर आपण कोण?" तक्रारीचा ठराव मागं घेतला. सावळीराम दाराशी उभा होता. त्याला मी पुढं बोलावलं, तर तो आला नाही. लाजला असेल. उद्या टपालात टाकते हे पत्र.

२६ जुलै

पत्र टाकलं नाही. आता पुढचं वाच.

काल शेजारची सिंधुबाई फोटो बघायला आली. तिला समजावून सांगावं म्हणून मी पट्टी आणि कोनमापक काढलं. जुनी खोड. म्हटलं, हे बघ, रडार इथं, कोत्तापालेम इथं, अंतर साठ किलोमीटर, झोत दोन अंशांचा. मग तिथं पोचेपर्यंत तो झोत किती रुंद होतो? सातवीचं गणित आहे. दोन किलोमीटरहून थोडा जास्त.

आणि दोन आळ्यांमध्ये अंतर किती? दीडशे फूट. सावळीरामाच्या नकाशावर मीच मोजलं होतं.

दोन किलोमीटरच्या कुंच्यानं दीडशे फुटांची रेघ कशी काढलीस, जयराम?

सिंधुबाईला चहा देऊन घालवलं आणि तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. चौदा जूनला लिहितोस की दोन्ही आळ्यांपुढचे माड एकाच दिशेला, ओळीनं पडले. आठ जुलैला लिहितोस की वरची आळी वाऱ्याच्या बाहेर राहिली. मग तिथले माड काय बघून पडले?

तू खोटं लिहिलंस आणि मी ते पंधरा माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. चाळीस वर्षं मी मुलांना रीत दाखवा म्हणत आले आणि माझ्यापुढं आयतं उत्तर आलं तेव्हा मी रीत तपासली नाही, कारण मला ते उत्तर हवं होतं.

असं का केलंस ते लिही. मावशीला बरं वाटावं म्हणून केलं असं लिहू नकोस. मला त्यानं बरं वाटत नाही.

सुलामावशी

•

रडार केंद्र,
५ ऑगस्ट १९७९

मावशी,

तुझं गणित बरोबर आहे. दोन्ही आळ्यांवर वारा सारखाच आला.

रडारनं गावागावातला फरक दाखवला तो खरा आहे, त्यातलं अक्षरही मी बदललेलं नाही. पण आळी-आळीतला फरक वरून आलेला नाही. तो जमिनीवरचाच आहे. वरच्या आणि खालच्या घरांत विटा त्याच, माल तोच. साहेबांनी दोन्हीकडचा चुना-सिमेंट खरवडून पाहिला. फरक फक्त ओसरीचा.

घराचा पत्रा पुढं आठ फूट ओढून त्याचीच ओसरी केली होती. तोंड समुद्राकडं. वारा ओसरीखाली शिरला, वर जायला वाट नाही, मागं भिंत. त्यानं खालून पत्रा उचलला, आणि पत्रा सलग असल्यामुळं सगळं छप्पर गेलं. जाताना त्यानं पुढची भिंत ओढून नेली.

हे मला जूनमध्येच माहीत होतं. सावळीरामदादानं सांगितलं. त्यानं मला एक कार्ड दाखवलं. काम चालू असताना त्यानं ते तुला पाठवलं होतं, की इथली माणसं पुढं छप्पर काढत नाहीत, वारा धरतं म्हणतात, काय करू. ते कार्ड तू त्याला परत पाठवलंस. लाल शाईनं शुद्धलेखन तपासून. दहापैकी चार गुण देऊन. खाली लिहिलं होतंस, "ओसरी झालीच पाहिजे."

मी म्हटलं, हे समितीला दाखव, तू सुटशील. तो म्हणाला, "बाईंनी मला अक्षर शिकवलं. त्यांना या वयात कुणी बोट दाखवलेलं मला नाय बघवणार." मला शपथ घातली. आधी वाटलं गावांचं सांगून भागेल. तू आळ्यांचं विचारलंस. एकीकडं तो तुरुंगात जाणार, दुसरीकडं तू. मग मी तो तुकडा दीडशे फूट सरकवला.

चूक माझी आहे. तुझी ओसरी वाईट विचारानं झालेली नव्हती.

जयराम

•

नाशिक रोड,
१२ ऑगस्ट १९७९

सावळीराम,

तू माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतोस, तरी पत्र पाठवते आहे, कारण समोर आलास की तू मान खाली घालतोस आणि मी ओरडते, आणि काम होत नाही.

तुझ्याजवळ माझ्या लाल शाईचं एक कार्ड आहे. ते मला हवं आहे.

सुला टीचर

•

बाईंस जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. असलं कारड माझ्यापाशी नाय. असंल तर ते उंदरानं खाल्लं. जयराम लहान हाय, त्याचं मनावर घेऊ नका. माझं काम आता सुरू झालं हाय. ठेकेदारानं बोलावलं. झालं ते झालं. तुम्ही बीपीची गोळी घेत जा.

सावळीराम

•

नाशिक रोड,
३ सप्टेंबर १९७९

चि. जयराम,

उंदरानं कार्ड खाल्लेलं नाही. सावळीराम कामावर गेला असताना मी त्याच्या घरी गेले. नवसाबाईनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून त्याचा सातवीचा दाखला काढला, आणि दाखल्याच्या घडीतून ते कार्ड. म्हणाली, "मी वाट बगत हुते, बाई, तुमी कवा येताय त्याची." इतके दिवस तिलाही माहीत होतं. आपल्या चौघांत फक्त मला माहीत नव्हतं.

मला ते कार्ड आठवत होतं आणि आठवतही नव्हतं. नऊ चुका काढल्या होत्या, त्या आठवत होत्या. तो काय म्हणतोय ते आठवत नव्हतं, कारण मी ते वाचलंच नव्हतं. मी फक्त तपासलं होतं.

काल बैठक बोलावली. आधी सांगितलं की मागच्या वेळी वाचलेलं पत्र आळ्यांपुरतं खोटं होतं आणि ते खरं मानण्याची घाई मी केली. मग नकाशावर तुझा खरा पट्टा दाखवला. म्हटलं, या पट्ट्यात जुनं गाव सपाट झालं, माड निजले. त्यात उभी राहिलेली घरं मोजा. अठ्ठावीस आहेत, आणि ती अठ्ठावीसच्या अठ्ठावीस या माणसाच्या हातची आहेत. तुझं खोटं त्याला वाऱ्यापासून लांब नेऊन वाचवत होतं. तो वाऱ्यात उभा असतानाच निर्दोष होता, हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग कार्ड वाचलं. लाल शाईसकट, चार गुणांसकट. खंडेराव म्हणाले, "बाई, राहू द्या. बसा आता." मी म्हटलं, "दोन बाया गेल्या. मला बसायला सांगू नका." त्यांना तक्रारीचा ठराव माझ्या नावानं मांडायला सांगितला. कुणी मांडला नाही. सावळीरामाच्या नावानं मांडायला त्यांना पाच मिनिटं लागली होती. मी गणिताची निवृत्त बाई, इंग्रजी बोलते, म्हणून मला बसायला खुर्ची. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

समितीतून मी बाहेर पडले. जाण्याआधी एक ठराव करून घेतला, की सावळीरामानं खालची आळी पुन्हा बांधावी आणि कशी बांधायची ते त्यानं तिथल्या माणसांना विचारावं. नाशिकहून कुणी नकाशा पाठवू नये.

त्या म्हातारीचं आणि सुनेचं नाव कळव. मला पाठ करायचं आहे. तू साहेबांना काय सांगायचं ते सांग. मी तुला माफ केलं असं लिहीत नाही. पुढच्या सुट्टीत घरी ये. जेवायला घालीन.

सुलामावशी

•

कोत्तापालेम,
१९ जानेवारी १९८०

बाईंस जयभीम.

बाराही घरांची छपरं काल पुरी झाली. मी ओसरी नाय काढणार असं ठरवून आलतो. पण हितल्या बाया मागं लागल्या. जयरामला मधी घालून म्हणाल्या, की घर पायजे तसं बांधा पण बसायची जागा पायजे, ती हुती तवा बरं वाटायचं. ती म्हातारी गेली, वेंकम्मा, तिची लेक पन त्या बायांतच हुती. तीच जास्ती बोलली.

मग मी हितल्या म्हाताऱ्या कोळ्यांपाशी चार दिस बसलो. आता घराचं छप्पर घरापुरतं हाय, बुटकं, चारी बाजूंनी उतरतं. ओसरी वायली हाय. चार खांबांवर ताडाच्या पानांची. घराला कुठंच बांधली नाय. हातभर फट सोडली हाय. वारा आला तर तो ओसरी घिऊन जाईल अन् घर हितंच राहील. पानं हितं फुकट मिळत्यात, ओसरी दोन दिसांत परत हुती. जयरामच्या सायबांनी बघितलं अन् वहीत काढून घेतलं.

सगळ्यात कडंच्या ओसरीत मी एक दगड बसवलाय, टेकायला. तुमची आई उन्हात उभी राहायची ते जयरामनं मला सांगितलं. तुम्ही कधी आलात तर तिथं बसा.

पत्रात चुका असतील. लाल करून पाठवा. पण आधी वाचा.

सावळीराम